गळ खुंटीला, हात गळ्यात

या पानावर तुमची माझी गाठ पडते ती बियाणे, खते आणि कीड-रोगांच्या निमित्ताने. आजचा विषय मात्र माझ्या स्वतःच्या उजव्या हाताचा आहे. २०२४ च्या पावसाळ्यात हा हात मोडला, त्यावर शस्त्रक्रिया झाली आणि पुढचे पाच महिने मी डाव्या हाताने जेवलो, डाव्या हाताने सह्या केल्या. या काळात सर्वात जास्त आठवण कशाची आली असेल, तर नोकरीची नव्हे, गळाची! हसू नका. त्या आठवणीने मला काही गोष्टी दाखवल्या. त्यातल्या निम्म्या तुमच्या कामाच्या आहेत, म्हणून हा लेख.

कृषी पदविका घेऊन मी नोकरीला लागलो आणि कृष्णाकाठच्या गावांत फिरू लागलो. तिथे मला गळाचा नाद लागला. लावला तो आबांनी. आबा सत्तरीचे, दोन एकर ऊस आणि एक म्हैस. रविवारी पहाटे पाचला आम्ही दोघे नदीवर. कळकाची काठी, तंगूस, शिशाचा मणी, बोयाला मोराचे पीस आणि डब्यात गांडुळे. गांडूळखताच्या प्रात्यक्षिकात एखादे जाडजूड गांडूळ दिसले की माझी नजर कशी चळते, हे माझ्या गटातल्या शेतकऱ्यांना चांगले ठाऊक आहे. चिलापी मिळे, कधी शिंगाडा, नशीब असेल त्या दिवशी वाम नाही तर मरळ. नाही मिळाले तरी दोन तास कोणी 'साहेब, अनुदान कधी येणार?' असे विचारत नसे. हे सुखही काही कमी नव्हे.

चिखल आणि मोह

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका गावातून निरोप आला, सोयाबीनवर चक्री भुंगा दिसतोय. मोटारसायकल काढली. पाऊस भुरभुरत होता. शेतातून वर आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा काळा चिखल डांबरी रस्त्यावर पसरला होता. ब्रेक दाबला आणि गाडी खालून निसटली. हेल्मेट होते म्हणून डोके वाचले. सगळा भार उजव्या दंडावर आला. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला.

आजूबाजूच्या रानातली माणसे धावली. एकाने हात धरून 'वाईच वढून सरळ करतो' म्हटले. दुसरे एक काका म्हणाले, "साहेब, दवाखान्यात गेलासा की कापाकापी करत्यात. आमच्या वैद्याकडं चला, तीन पट्ट्यांत मोकळं." खरे सांगतो, मला मोह झाला. ऑपरेशन म्हणजे महिनोन्महिने घरी बसणे, हा हिशेब त्या वेदनेतही डोक्यात झाला. पण शाळेचे एक गुरुजी तिथे होते. त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. माझा हात होता तसाच छातीशी धरला, वर्तमानपत्राची जाड घडी दंडाला लावली, दोन टॉवेल घेतले. एकाने हात गळ्यात अडकवला, दुसऱ्याने छातीशी बांधला आणि १०८ ला फोन लावला. पुढे डॉक्टर म्हणाले, "बांधणाऱ्याने काम चोख केलंय."

हे ध्यानात ठेवा. हाड मोडल्याची शंका आली की ओढायचे नाही, चोळायचे नाही. आहे त्या स्थितीत आधार देऊन बांधायचे. बोटातली अंगठी, हातातले कडे, बांगड्या लगेच काढायच्या, कारण सूज आल्यावर त्या निघत नाहीत. बांधल्यावर बोटे निळी-पांढरी पडली, बधिर झाली, किंवा बोट नुसते सरळ केले तरी जीव जाईल अशी कळ आली, तर बांधलेले ताबडतोब सैल करून दवाखाना गाठायचा. घट्ट पट्टीखाली रक्त पोचले नाही तर काही तासांत स्नायू मरतात आणि पंजा कायमचा आखडतो. हात मोडला होता एका जागी आणि गमावला तो पट्टीमुळे, अशी माणसे कृष्णाकाठी आजही भेटतात.

आबांचे कोपर

दंडाच्या हाडाला धातूची पट्टी आणि स्क्रू बसवले. शुद्धीवर आल्यावर पाहतो तर मनगट लोंबलेले. पंजा वर उचलायचा म्हटले तरी उचलेना, बोटे उलगडेनात, अंगठा हलेना. मोडलेले हाड मला सोसले असते, पण हा मेलेल्या माशासारखा पंजा पाहून मी गर्भगळीत झालो.

डॉक्टरांनी समजावले. मनगट आणि बोटे वर उचलणाऱ्या स्नायूंची नस दंडाच्या हाडाला वळसा घालून खाली जाते. हाड मधोमध मोडले की दहा-बारा जणांत एखाद्याच्या या नसेला दुखापत होते. माझी नस त्यांनी ऑपरेशनमध्ये डोळ्यांनी पाहिली होती. तुटलेली नव्हती, ताणली आणि चेपली गेली होती. "येईल परत. पण वाट पाहावी लागेल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आबा भेटायला आले. मी त्यांना आधी हेच विचारले, की गळ पुन्हा धरता येईल का? आबा काही बोलले नाहीत. त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली आणि आपला डावा हात पुढे केला. कोपरात वाकलेला. "ह्यो कवा सरळ झालेला बगितलायसा?"

मी चकित झालो. इतकी वर्षे आबांच्या शेजारी बसलो. काठी कोपर वाकवून धरायची ही त्यांची खास पद्धत आहे अशी माझी समजूत होती. मी तिची नक्कलही करत असे! आबा सांगू लागले. दहा वर्षांचे असताना चिंचेवरून पडले. कोपर मोडले. आईने महिनाभर रोज तेल लावून जोरात चोळले, कारण सगळे तसेच सांगत होते. कोपर जे आखडले ते साठ वर्षे तसेच आहे. "आयनं मायेनंच केलं. पर तुमास्नी दवाखाना घावलाय, तर त्यो सांगंल तसं वागा. नदी कुटं पळून जात न्हाय."

कोपराच्या मोडीवर जोरात मालिश केली की मऊ स्नायूतच हाड धरू लागते आणि सांधा बंद होतो, हे मला फिजिओथेरपीच्या ताईंनी नंतर सांगितले. आबांना त्यामागचे शास्त्र ठाऊक नव्हते, पण त्याचा परिणाम त्यांच्या अंगावर होता.

एका दिवसाला एक मिलिमीटर

शेतकऱ्याला मिलिमीटर काय असतो हे सांगायला नको. पर्जन्यमापकात आपण पाऊस त्यातच मोजतो. दुखावलेली नस साधारण दिवसाला एक मिलिमीटर या वेगाने पुन्हा वाढते. माझ्या मोडीपासून मनगट उचलणाऱ्या स्नायूपर्यंतचे अंतर दहा-बारा सेंटिमीटर. म्हणजे शंभर ते एकशेवीस दिवस. घरी आल्यावर मी कॅलेंडरवर डाव्या हाताने वाकड्यातिकड्या रेघा मारायला सुरुवात केली.

दर तपासणीला डॉक्टर दंडावरून खाली बोटाने टिचक्या मारत येत. एका ठिकाणी टिचकी बसली की अंगठ्याच्या मागे मुंग्या धावत. नसेचे टोक तिथवर पोचले, असा त्याचा अर्थ. पुढच्या महिन्यात तीच जागा दोन-तीन बोटे खाली सरकलेली असे. जमिनीखाली मोड आलाय, पण वर दिसत नाही, अशी ती अवस्था. पेरणी केलेल्या माणसाने वाट पाहायची, बी उकरून बघायचे नाही.

पण वाट पाहणे म्हणजे हातावर हात धरून बसणे नव्हे. सांधे सैल ठेवले नाहीत तर नस आली तरी मनगट उठणार नाही. म्हणून दिवसभर मनगट वर धरून ठेवणारी पट्टी वापरायची. दिवसातून चार-पाच वेळा ती काढून डाव्या हाताने उजवे मनगट आणि एकेक बोट पूर्ण मागे न्यायचे. खांदा धरू नये म्हणून पुढे वाकून हात लंबकासारखा झुलवायचा. कोपर आपल्या आपण हलवायचे, दुसऱ्याकडून ओढून घ्यायचे नाही. हाड जुळल्याचे एक्स-रेत दिसेपर्यंत त्या हाताने पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. तंबाखू आणि विडी-सिगारेट बंद, कारण त्याने हाड जुळायला उशीर होतो. मधुमेह असेल तर साखर ताब्यात हवी. जेवणात दूध, अंडी, डाळी, नाचणी. मासेही चालतात, फक्त ते विकत आणावे लागले. हे दुःख वेगळेच!

रविवारी पहाटे पाचला जाग यायची ती यायचीच. खुंटीला टांगलेल्या काठीकडे बघत पडून राहायचे. तुम्ही म्हणाल, डाव्या हाताने टाकायचा गळ. तेही करून पाहिले असते, पण मासा ओढू लागला की माणूस आपोआप दोन्ही हात घालतो. एका वामेपायी पट्टी आणि स्क्रू निखळले असते. डॉक्टरांनी स्पष्ट 'नाही' म्हटले. मीही ऐकले, कारण आबांचे कोपर डोळ्यांसमोर होते.

शेजारच्या खुर्चीवरचे अण्णा

फिजिओथेरपीला माझ्या शेजारी एक अण्णा बसत. कडबाकुट्टीत वैरण सारताना उजवा पंजा गेला होता, मनगटापासून. मी रोज माझ्या लोंबणाऱ्या पंजाबद्दल कुरकुर करायचो. त्यांच्याकडे पाहिले आणि माझे तोंड बंद झाले.

बोलता बोलता विचारले, "अपघाताचा अर्ज केलाय का?" त्यांना माहीतच नव्हते. अपघाताला तेवीस दिवस झाले होते. मुदत तीस दिवसांची! त्यांच्या मुलाला बोलावून घेतले, कागद जमवले आणि माझ्या डाव्या हाताच्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात अर्ज भरला. अठ्ठाविसाव्या दिवशी तो तालुका कृषी अधिकारी कार्यालयात पोचला. ही योजना माझ्याच खात्याची, आणि माझ्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला ती शेजारच्या खुर्चीवर बसल्यावर कळली. याची लाज मला आजही वाटते.

म्हणून इथे पुन्हा लिहितो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने लागू झाली. पूर्वी विमा कंपनीमार्फत मदत मिळायची, आता ती शासन थेट देते. सातबाऱ्यावरचा खातेदार आणि त्याच्या कुटुंबातला खातेदार नसलेला एक सदस्य, वय १० ते ७५ वर्षे, असे दोघे पात्र. अपघाती मृत्यू, किंवा दोन डोळे, दोन अवयव, अथवा एक डोळा व एक अवयव कायमचे निकामी झाल्यास २ लाख रुपये. एक डोळा किंवा एक हात वा पाय गेल्यास १ लाख. नुसते हाड मोडले तर ही मदत मिळत नाही, म्हणजे माझ्यासारखे त्यात बसत नाहीत. सातबारा, वयाचा पुरावा, घटनेचा पोलिसांचा किंवा पोलीस पाटलांचा अहवाल आणि अपंगत्वाचा दाखला ही मुख्य कागदपत्रे. पोलीस पाटील आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींना हात जोडून विनंती आहे (आता दोन्ही हात जोडता येतात): गावात असा अपघात घडला की त्याच आठवड्यात त्या घरी जा. दुःखातल्या माणसाला तीस दिवस कधी सरले ते कळत नाही.

आणि कडबाकुट्टी, मळणी यंत्र यांच्याबद्दल एकच सांगतो. धोतराचा सोगा, साडीचा पदर, ओढणी, सैल बाही आणि हातातले कडे यंत्राजवळ नको. अडकलेली वैरण हाताने ढकलू नका, काठीनेही नको. आधी यंत्र बंद करा, चाक पूर्ण थांबू द्या, मग हात घाला. यंत्र घेताना वैरण सरकवायचे तोंड लांब आणि वरून झाकलेले आहे का ते पाहा, म्हणजे हात पात्यापर्यंत पोचतच नाही. अण्णांच्या यंत्राचे झाकण 'काम भरभर होत न्हाई' म्हणून काढून ठेवले होते.

रिकाम्या हाताने नदीवर

भाद्रपदात राहवेना. डॉक्टरांच्या परवानगीने, पट्टी बांधलेला हात गळ्यात अडकवून आबांबरोबर नुसता बसायला गेलो. गळ हातात असला की माणसाची नजर बोयावर खिळलेली असते. त्या दिवशी मी पहिल्यांदा काठ पाहिला.

आमच्या वरच्या अंगाला एक तरुण शेतकरी पाठीवरचा पंप घेऊन आला. टाकीतले उरलेले पाणी त्याने नदीत ओतले, पंप विसळला, औषधाची रिकामी बाटली गवतात भिरकावली आणि गेला. थोड्या वेळाने आमच्या समोरच्या उथळ पाण्यात बोटभर मासे आडवे होऊन गोल गोल फिरू लागले. आबा म्हणाले, "हे दर फवारणीला असंच. आमाला वाटायचं, मासा औंदा कमी हाय."

मी उठून ती बाटली पाहिली. थायामेथोक्झाम आणि लॅम्बडा सायहॅलोथ्रीनचे मिश्रण. सोयाबीनच्या चक्री भुंग्यासाठी आम्ही सांगतो तेच. ज्या दिवशी पडलो, त्या दिवशी मी याच औषधाची शिफारस करायला निघालो होतो! लॅम्बडा सायहॅलोथ्रीन, सायपरमेथ्रीन या गटातली औषधे माशांना फार विषारी असतात, अगदी थोड्या प्रमाणातही. मी वर्षानुवर्षे मात्रा सांगितली, पाण्याचे प्रमाण सांगितले, तोंडाला फडके बांधा म्हणून सांगितले. पंप कुठे धुवायचा हे एकदाही सांगितले नाही. त्या पोराचा दोष निम्मा, माझा निम्मा.

तर आता सांगतो. औषध लागेल तेवढेच कालवा. पंप रानातच धुवा आणि ते पाणी त्याच पिकावर किंवा बांधाच्या आत पडीक जागेवर टाका. विहीर, ओढा, शेततळे, नदी यांच्याजवळ नको. बाटली रिकामी झाली की तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओता, म्हणजे औषधही वाया जात नाही. मग बाटलीला भोक पाडा. ती घरात तेला-पाण्याला वापरू नका. ज्यांनी शेततळ्यात कटला, रोहू, मृगळ सोडलेत त्यांनी तर तळ्याच्या दिशेने वारा असताना फवारणीच करू नये.

आणखी एक. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका एकत्र फिरताना दिसला, तर ती मरळीची पिल्ले असतात आणि त्यांच्या खाली राखण करणारे आई-बाप. त्या वेळी ते चवताळून गळावर झेप घेतात, म्हणून पकडायला सोपे. पण राखणदार गेला की सगळी पिल्ले दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. आबा त्या ठिकाणी गळ टाकत नाहीत. मी पूर्वी टाकला आहे.

अंगठा उठला

नवरात्रात एका संध्याकाळी मुलीने माझ्या पंजाच्या मागच्या बाजूवर मोराचे पीस ठेवले, बोयाचे. "बाबा, मासा लागलाय, उचला," म्हणाली. मी रोजच्यासारखे मनाने उचलले. पीस हलले. मनगट केसभर वर आले होते. घरात कोणी काही बोलले नाही. बायको उठून आत गेली आणि गोडाचा शिरा घेऊन आली.

दिवाळीत मनगट निम्मे उठू लागले. त्यानंतर बोटे उलगडली. या नसेत अंगठ्याची पाळी शेवटी येते. ज्वारीचे दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकणे, कपड्यांचे चिमटे दाबणे, पीठ मळणे हे माझे व्यायाम होते. एक्स-रेत हाड जुळलेले दिसले तेव्हा मोटारसायकलला परवानगी मिळाली. जानेवारीच्या अखेरीस अंगठा उभा राहिला आणि डॉक्टर म्हणाले, "जा, पण लहान मासे धरा."

त्या रविवारी काठी खुंटीवरून काढली. तंगूस कुजल्यासारखा झाला होता, नवा लावला. जुना घरी आणून जाळ्याच्या गोळ्यासारखा गुंडाळून कचऱ्यात टाकला, कारण काठावर सोडला की बगळ्यांच्या पायात अडकतो. नदीवर धुके होते. गळ टाकला तेव्हा माझे कोपर वाकलेले होते, जुन्या सवयीने. आबा हसले. "साहेब, तुमचं सरळ हुतंय न्हवं? मग सरळ धरा की."

सरळ धरला. तासाभराने वीतभर चिलापी लागली. उचलताना मनगट थरथरले, पण खाली आले नाही.